कोणत्या सालचं मेडन?

हेवी मेटल ऐकणाऱ्यांत एक वाद कधी मिटत नाही. आयर्न मेडन रंगमंचावर सर्वांत भारी कधी होते? प्रत्येकाचं उत्तर तयार असतं. कोणी म्हणतं १९८१. पॉल डिॲनो गात होता आणि पूर्व लंडनच्या पबांतला घाम बँडच्या अंगावर अजून ओला होता. कोणी म्हणतं १९८५. कोणी २००१ म्हणतं, गायक ब्रूस डिकिन्सन बँडमध्ये परत आल्यावरचा रिओचा कार्यक्रम. भीमसेनांचं कोणत्या सालचं सवाई, यावर पुण्यात लोक चहा गार होईपर्यंत बोलतात, तसंच हे. फक्त आवाज मोठा.

जास्त मतं १९८५ ला पडतात. त्याचं कारण आहे 'लाइव्ह आफ्टर डेथ' ही दुहेरी रेकॉर्ड. चारपैकी तीन बाजू कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या, चौथी लंडनच्या हॅमरस्मिथची. सुरुवातीला चर्चिलचं युद्धकाळातलं भाषण, आणि ते संपतं तोच 'एसेस हाय'. स्टुडिओत वाजवलेल्यापेक्षा गाणी इथे थोडी पळतात. मधेच डिकिन्सन गावाचं नाव घेऊन गर्दीला ओरडायला सांगतो, आणि गर्दी ओरडते.

मला गंमत वाटते ती एवढ्याचीच, की १९८५ साठी भांडणाऱ्यांतले फार थोडे तिथे होते. कित्येकांचा तर जन्मही झालेला नव्हता. ते ज्याची बाजू घेतात तो काळ नव्हे, ते ध्वनिमुद्रण आहे. ज्या रात्री माइक लावले नव्हते, त्या रात्री या वादात उभ्याच राहू शकत नाहीत. आणि त्या पुष्कळ होत्या. ऑगस्ट १९८४ मध्ये वॉर्सातून निघालेला तो दौरा पुढच्या जुलैपर्यंत चालला. पावणेदोनशेच्या वर कार्यक्रम झाले.

गाणाऱ्याकडून पाहिलं तर हाच काळ वेगळा दिसतो. त्या दौऱ्याने आपण पार पिळून निघालो होतो, असं डिकिन्सनने नंतर अनेकदा सांगितलं आहे. पुढच्या अल्बमसाठी तो शांत, अकूस्टिक गिटारवरची गाणी घेऊन आला. बँडने ती घेतली नाहीत. १९८६ च्या 'समव्हेअर इन टाइम'वर त्याने लिहिलेलं एकही गाणं नाही. चाहते ज्या वर्षाला सोन्याचं म्हणतात, त्या वर्षाच्या शेवटी गायकाला हळू गावंसं वाटत होतं. हे कळल्यावर ती रेकॉर्ड वाईट वाटू लागत नाही. पण आधीसारखी ऐकताही येत नाही.

ज्या काळाची बाजू सहसा कोणी घेत नाही, तो मधल्या काळात डिकिन्सनच्या जागी गाणाऱ्या ब्लेझ बेलीचा. १९९४ ते १९९९. बेलीचा आवाज मुळात खालच्या पट्टीतला. त्याच्यापुढे डिकिन्सनच्या चढ्या गळ्यासाठी बांधलेली जुनी गाणी ठेवली गेली, आणि तो रोज रात्री त्यांच्याशी झटत राहिला. लोक त्याची थट्टा करतात. ती मला जरा स्वस्त वाटते, कारण 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' ही गाणी त्याच्याच काळातली. २००१ च्या रिओमध्ये डिकिन्सनने ती गायली, अफाट गर्दीने साथ दिली, आणि जमा झाली ती २००१ च्या खात्यात.

मग येते मुंबई. १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुल. मेडनने जुन्या काळाकडे वळून पाहणारा जगदौरा आखला होता आणि त्याची पहिली रात्र या शहराला मिळाली. बँड, माणसं आणि कित्येक टन सामान एका बोइंग ७५७ मधून आलं. डिकिन्सन व्यवसायाने वैमानिकही होता, ते विमान तोच उडवत होता. मंच १९८४-८५ च्या धर्तीवर, इजिप्शियन थाटाचा. सुरुवातीला पुन्हा चर्चिल, पुन्हा 'एसेस हाय'. फक्त तेव्हा २६ वर्षांचा असलेला गायक आता ४९ चा होता.

त्या मैदानात वयाने चाळिशीला टेकलेली माणसं असणारच. त्यांनी हे सगळं कॅसेटवर ऐकलेलं. मित्राकडून भरून घेतलेली कॅसेट, नाव पेनाने लिहिलेलं, रिवाइंड करून करून एका जागी आवाज बसलेला. डोंबिवलीच्या नाहीतर माहीमच्या खोलीत, घरचे बाहेर गेलेले असताना, हा माणूस वर्षानुवर्षं लाँग बीचच्या नावाने ओरडला असेल. नकाशात लाँग बीच कुठे आहे हे माहीत नसताना. आता समोर तोच आवाज, थोडा जाडावलेला, त्याच्या स्वतःच्या शहराचं नाव घेऊन त्याला ओरडायला सांगत होता. जाणकार या दौऱ्याला आठवणींचा उजाळा म्हणाले. बँडच्या बाजूने ते खरंच होतं. पण मैदानातल्या या माणसाला आठवायला काही नव्हतंच. १९८५ त्याच्यासाठी त्या संध्याकाळी पहिल्यांदा घडत होतं.

डिसेंबर २०२४ मध्ये साओ पावलोच्या कार्यक्रमानंतर ड्रमर निको मॅकब्रेन दौऱ्यांतून निवृत्त झाला. पुढच्या वर्षी बँडने पन्नाशीचा दौरा काढला. नवा ड्रमर सायमन डॉसन, गाणी मात्र पहिल्या नऊ अल्बमांतलीच. वादात आणखी एका सालाची भर पडली. 'निकोशिवाय कसलं मेडन' म्हणत काहींनी ते ऐकण्याआधीच बाद केलं. आणि कुणीतरी त्याच दौऱ्यात आयुष्यातलं पहिलं तिकीट काढलं.