चुकलेलं रीडिंग

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत टायट्रेशन चालू असतं. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचा, फ्लास्क हलवत राहायचा आणि फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. एक थेंब जास्त पडला तर रंग गडद होतो. मग पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं तीनदा. पण बरीच मुलं हल्ली एकदाच करतात आणि उरलेली रीडिंग सीनिअरच्या जर्नलमधून उतरवतात. जर्नल नेटकं दिसतं, सही मिळते, अंतर्गत गुणही पडतात.

मुलांना आळशी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्यांच्याकडून आकडाच मागितला जातो. यूजीसीच्या श्रेणीत 'ओ' म्हणजे 10, 'ए प्लस' म्हणजे 9. कॅम्पस मुलाखतीला बसायचं तर अनेक कंपन्या आधी सीजीपीएची अट घालतात. त्या आकड्यात धडपड कुठे दिसते? मग वर्गात प्रश्न येतो तो एकच: "सर, हे परीक्षेला आहे का?"

याच महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' रुजवलं. तिथे कष्ट हा शिक्षणाचाच भाग होता. ही योजना आजही कितीतरी मुलांच्या शिक्षणाला आधार देते.

प्राध्यापक मित्रांनो, एखाद्या जर्नलमध्ये चुकलेलं, पण स्वतः घेतलेलं रीडिंग दिसलं तर ते नुसतं लाल शाईनं खोडू नका. कुठे चुकलं असेल, हे त्या मुलाला शोधायला लावा आणि त्या शोधाचेही गुण द्या.