रंग आणि राऊळ

परदेशात कातडीचा रंग पाहून माणसाला दूर करतात, हे ऐकून आम्हां वारकऱ्यांचे रक्त तापते. तापावेच. दक्षिण आफ्रिकेत १९४८ नंतर कोणी कुठे राहावे, कोणाशी लग्न करावे, हेही कायद्याने वंशावरून ठरे. अमेरिकेत माँटगोमेरी गावी काळ्यांनी बसमध्ये मागे बसायचे असा नेम होता. तो मोडायला १९५५ च्या डिसेंबरापासून तिथल्या काळ्या लोकांनी ३८१ दिवस बस सोडली. पुष्कळजण रोज पायी कामाला गेले. पायी चालण्याचे मोल वारकऱ्याला का सांगायला हवे!

पण आमचे काय? दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांवरचा अन्याय हिंदुस्थानने १९४६ साली संयुक्त राष्ट्रसंघात नेला. त्याच साली आमच्या पंढरीत अस्पृश्याला विठोबाच्या राउळात पाऊल टाकता येत नव्हते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे दार उघडण्याचे कबूल झाले. तिकडे रंग, इकडे जात, एवढेच. आपल्या भाषेत तर वर्ण या एकाच शब्दात दोन्ही बसतात!

आणि रंगाचे तरी आम्ही सोडले आहे म्हणता? सावळ्या देवाच्या पायांवर डोके ठेवून घरी येतो, आणि मुलासाठी स्थळ आले की पहिले विचारतो, ‘मुलगी गोरी आहे ना?’