मृतांचे ऋण

युद्ध थांबवा म्हणणाऱ्याला नेहमी एक प्रश्न विचारला जातो : मग आजवर मेले ते व्यर्थच मेले का? प्रश्न करुणेचा वाटतो. १९४१ साली टोकियोत मात्र तो युद्ध वाढवण्याचे कारण ठरला.

जपानने १९३१मध्ये मांचुरिया घेतला आणि १९३७मध्ये चीनशी सर्वंकष युद्ध आरंभले. त्याला हवी होती खनिजे, बाजारपेठ आणि आपल्या तंत्राने चालणारे चिनी सरकार. नानजिंग पडले, तिथे भीषण कत्तल झाली. पण चीन शरण आला नाही. त्याची रसद तोडण्यासाठी जपानी सैन्य १९४०मध्ये उत्तर इंडोचायनात शिरले, पुढच्या वर्षी दक्षिणेतही. तेव्हा अमेरिकेने तेल रोखले. जपानचे बहुतांश तेल तिथूनच येई. आता एक तर चीनमधून माघार घ्यायची, नाही तर डच ईस्ट इंडीजच्या तेलविहिरी बळकवायच्या. ऑक्टोबरात युद्धमंत्री तोजो यांनी माघारीला ठाम नकार दिला : चीनमधले जपानी सैनिकांचे बलिदान वाया जाता कामा नये. डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला.

पितृऋण फिटते ते पुढची पिढी वाढवून, असे आपली परंपरा मानते. तोजोंच्या हिशेबात मृतांचे ऋण फिटणार होते ते पुढची पिढी खर्ची घालून. जिवंत सावकार निदान कर्ज माफ करू शकतो. मृतांना तेही शक्य नसते. म्हणून त्यांच्या नावाने वसुली करणाऱ्याला कोणी अडवत नाही. शिवाय या खातेवहीत फक्त आपलेच मृत असतात. चीनमधल्या गावोगावच्या प्रेतांचे ऋण कोणावर, हे त्या मंत्रिमंडळाने विचारले नाही.

ते आधीच विचारले होते एका कवीने. १९३८मध्ये कवी योने नोगुची यांनी रवींद्रनाथांना पत्र लिहून हे युद्ध नव्या आशियासाठी असल्याचे समर्थन केले. रवींद्रनाथांचे जपानवर प्रेम होते. तरी उत्तरात त्यांनी जपानी जनतेसाठी यश नव्हे, पश्चात्ताप चिंतला. हा शाप नव्हता. पश्चात्ताप म्हणजे आपले मृत चुकीच्या कामी मेले, हे मान्य करण्याचे धैर्य. त्यात मृतांचा अपमान नाही; त्यांच्या नावाने नवे मृत्यू मागणे थांबते, एवढेच.

माघार १९४५मध्ये घ्यावीच लागली. तोवर सुमारे ३१ लाख जपानी मेले होते, आणि चिनी त्याहून कितीतरी अधिक.