लिंकनची चिठ्ठी

स्टीव्हन स्पिलबर्गच्या ‘लिंकन’मध्ये (२०१२) डॅनियल डे-लुईसचा आवाज बारीक आहे, किंचित चिरकाच. लिंकनचा आवाज तसाच होता, असं त्याला ऐकलेल्यांनी लिहून ठेवलं आहे. खांद्यावर शाल, चाल थकलेली. रणांगणावरची बातमी यायची असते, सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो आणि हा गृहस्थ एखादा किस्सा काढतो. युद्धमंत्री स्टँटन वैतागून उठूनच जातो. या भूमिकेने डे-लुईसला प्रमुख अभिनेत्याचं तिसरं ऑस्कर मिळवून दिलं. माझ्या मनात मात्र रुतून बसला तो चिठ्ठीचा प्रसंग.

३१ जानेवारी १८६५. गुलामगिरी कायमची बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीवर प्रतिनिधिगृहात मतदान व्हायचंय. तेवढ्यात कुजबुज सुरू होते : दक्षिणेचे दूत तहासाठी येताहेत. तह होत असेल तर दुरुस्तीची घाई कशाला? खुलासा मागवला जातो. लिंकन लिहून देतो, माझ्या माहितीप्रमाणे शहरात असे दूत नाहीत, येण्याची शक्यताही नाही. शब्दन् शब्द खरा. दूतांना राजधानीबाहेर थोपवण्याची व्यवस्था त्यानेच केलेली! ही चिठ्ठी पटकथेतली कल्पना नाही, इतिहासातली आहे.

‘नरो वा कुंजरो वा’ आपल्याला पाठ आहे. पण धर्मराजाने निदान ‘कुंजरो’ म्हणताना आवाज खाली आणला. डे-लुईसचा लिंकन तसलं काही करत नाही, समर्थनाचं भाषणही झोडत नाही. चिठ्ठी हातात देऊन मोकळा होतो.

मतंही सरळ मार्गाने जमलेली नाहीत. निवडणुकीत पडलेल्या विरोधी सदस्यांना सरकारी नोकऱ्यांची आमिषं दाखवलेली दिसतात. (आपल्याकडे अशा व्यवहाराला कोणता शब्द रूढ आहे, हे वाचकांना सांगायला नको.)

हेतू चांगला म्हणून सगळं माफ, असं मला म्हणवत नाही. ती पळवाट प्रत्येक सत्ताधाऱ्याला तोंडपाठ असते. फरक इतकाच, की लिंकन नुकताच पुन्हा निवडून आला होता. या मतांवर त्याची खुर्ची अवलंबून नव्हती. घाई होती ती यासाठी, की १८६३ची मुक्तीची घोषणा हा युद्धकाळातला उपाय होता, युद्धानंतर न्यायालयात ती टिकेल याची खात्री नव्हती.

दुरुस्ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी संमत झाली. दोन-तृतीयांशासाठी ११७ लागत होती.

१८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. नोकरीच्या बदल्यात हात वर करणारे त्या लोकांत धरायचे की नाही? वगळावेत असं फार वाटतं. पण त्यांना वगळून ११७ भरत नाहीत.