कागदावरचा जेरेमाया

बॉस्टनकडच्या एखाद्या कुटुंबात आजोबांचं नाव नातवाला, असं करत जेरेमाया हे नाव आजवर चालत आलेलं असतं. त्याचं मूळ शोधणारा बायबलमधल्या संदेष्ट्यापाशी पोचतो. जुन्या करारातली नावं ठेवायचे ते प्युरिटन, म्हणजे कडवे प्रोटेस्टंट, तेव्हा आपले पूर्वजही त्यांच्यापैकीच, असं तो धरून चालतो. पण घराणं आयर्लंडच्या कॉर्क किंवा केरी परगण्यातलं असेल, तर ते पूर्वज बहुधा कॅथलिक शेतकरी होते आणि घरात त्यांना डीर्मिड म्हणत.

डीर्मिड हे आयरिश आख्यानांतल्या योद्ध्याचं नाव. बाप्तिस्म्याची नोंद लॅटिनमध्ये करायची, म्हणून पाद्री कानाला त्यातल्या त्यात जवळचं जेरेमियस लिहीत. इंग्रजी कागदांत त्याचं जेरेमाया झालं. टाइगचा टिमथी झाला, तोही असाच. टाइग म्हणजे कवी. टिमथीचा कवितेशी काही संबंध नाही. म्हणून नावांच्या कोशात अर्थ पाहून पूर्वज सापडत नाहीत, असं मला ठामपणे वाटतं.

एका नावाच्या बाबतीत मात्र अर्थ अनपेक्षितपणे जुळला. कॉर्कमधल्या बॅलिवोर्नीची संत गॉबनित मधमाश्यांची रक्षणकर्ती. गुरं पळवणाऱ्यांवर तिनं मोहोळ सोडल्याची कथा तिथे सांगतात. तिच्या नावाच्या मुली इंग्रजीत डेबोरा झाल्या, आणि हिब्रूत डेबोरा म्हणजे मधमाशी. कुणा जाणत्यानं ही सांगड घातली असावी. पण त्याच गॉबनितच्या कितीतरी अॅबिगेलही झाल्या.

कागद तरी पुरते कुठे आहेत? कॅथलिकांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८६४ पासूनची. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची बहुतेक पानं ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला दफ्तरखाना जळाला तेव्हा गेली. पुढच्या चार जनगणना तर त्याआधीच सरकारनंच नष्ट केल्या होत्या. अशा वेळी उपयोगी पडते ती नाव ठेवण्याची रीत. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. थोरल्या मुलीला आईच्या आईचं. रीत सगळीकडे काटेकोर पाळली गेली असं नाही, पण भावंडांची नावं क्रमानं मांडली की न सापडलेल्या आजी-आजोबांचा माग लागू शकतो. कधी एकाच आईबापांची दोन मुलं दोन-तीन वर्षांच्या अंतरानं जेरेमाया म्हणून नोंदलेली दिसतात. पहिला गेलेला असतो. आजोबांचं नाव घरातून जाऊ द्यायचं नाही, म्हणून ते पुढच्या बाळाला दिलेलं असतं.

म्हणूनच जेरेमाया हे परक्या कागदांनी लादलेलं खोटं नाव आहे, ते टाकून मूळ नाव घ्यावं, हे मला पटत नाही. आयरिश भाषेचे पुरस्कर्ते डग्लस हाइड यांनी १८९२ च्या व्याख्यानात आयरिश नावांकडे परतण्याची हाक दिली, तिच्यामागची कळकळ खरीच होती. पण १८३१ साली जन्मलेले जेरेमाया ओडोनोव्हन रॉसा आयरिश बोलत वाढले, जन्मभर इंग्रजी सत्तेशी लढले, तुरुंगात गेले, तेही हेच नाव घेऊन. त्यांना डीर्मिड म्हणा की जेरेमाया, त्यांच्या झगड्यात काही उणं होत नाही. लेखणीनं नावाचं रूप बदललं. ते कुणाला द्यायचं, हे मात्र घरानंच ठरवलं.

पूर्ण हाती लागणारी पहिली जनगणना १९०१ ची. तिच्या अर्जात भाषेचा रकाना आहे. कॉर्कच्या अर्जांत एकाच छपराखाली दोन जेरेमाया भेटतात. आजोबांपुढे लिहिलेलं असतं ‘आयरिश आणि इंग्रजी’. नातवाचा रकाना कोरा असतो. ज्याला फक्त इंग्रजी येते, त्याच्यापुढे तिथे काही लिहायचं नव्हतं.