पौषातली कुंडी

॥ श्री गुरुदेव ॥


दौलतगंजात गच्च्यांवर सध्या धुकं, आणि पानं गाळून बसलेली अडेनियमं. निवडुंगही आक्रसलेले. मग कुणीतरी मायेने तांब्याभर पाणी घालतंच! आपल्या ग्वाल्हेरात पारा कधी २-३ अंशांपर्यंत उतरतो. अशा गारठ्यात मुळं पाणी ओढत नाहीत, ओल कुंडीतच राहते, बुंधा कुजतो. नुसत्या थंडीपेक्षा ओलीनेच जास्त झाडं जातात.

परवा एका ताईंनी विचारलं, "जपात मनच लागत नाही, सगळं कोरडं वाटतं. सोडून देऊ का?"

ताई, झाड झोपलंय, मेलं नाही. अडेनियमचा बुंधा आपण दाबून बघतो ना? टणक असला की जीव आहे. तुम्हाला विचारावंसं वाटलं, तोच तुमचा टणकपणा. घाबरून माळा वाढवू नका, कुंडी उचलून अडगळीतही टाकू नका. रोजच्या वेळी एकच माळ, बास. निवडुंगाचं तरी काय करतो? दिवसा दक्षिणेचं ऊन, रात्री आडोसा, पाणी बंद. (तुळशीचं वेगळं हं, तिला थोडी ओल हवीच, रात्री जुनी ओढणी घाला.)

फेब्रुवारीअखेर ऊन तापलं, कोंब दिसला, की मग अर्धा पेला पाणी.