आत्याच्या आजाराची नोंद

आनुवंशिक कर्करोगात आईवडिलांकडून मुलांकडे येतो तो जनुकातला बिघाड. आजार होईलच असे नसते. धोका मात्र कित्येक पटींनी वाढतो. एकूण कर्करोगांत अशांचे प्रमाण ५ ते १० टक्के मानले जाते, त्यामुळे घरात एकाला कर्करोग झाला म्हणून सगळ्यांनी धास्ती घेण्याचे कारण नाही. संशय घ्यावा तो स्तनाचा कर्करोग ऐन तरुणपणी झाला, पुरुषाला झाला, बीजांडकोशाचा झाला किंवा एकाच बाजूच्या दोन-तीन नातलगांना सारखाच झाला तर. जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये स्तनाच्या आनुवंशिक कर्करोगाचा धागा १७व्या गुणसूत्राशी जोडला आणि १९९४ मध्ये बीआरसीए-१ हे जनुक हाती लागले. त्यात बिघाड असलेल्या स्त्रीला वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. प्रत्येक अपत्याकडे तो बिघाड जाण्याची शक्यता निम्मी, मग मुलगा असो वा मुलगी.

अशा कुटुंबाची पहिली माहिती मिळते ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून. आनुवंशिकी समुपदेशक कागदावर तीन पिढ्यांची वंशावळ काढतो: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजार झालेला असेल तर आकृती भरलेली, वारलेल्या माणसावर तिरकी रेघ. मामाच्या मुलीशी लग्न झाले असेल तर जोडप्यामध्ये दुहेरी रेघ. दक्षिण महाराष्ट्रात तीही ओढावी लागते. करवीर तालुक्यातल्या गडमुडशिंगीसारख्या गावात हा कागद अडतो तो लग्न होऊन गेलेल्या बायकांपाशी. आत्या कागलकडे दिलेली, आडनाव बदललेले, कागदपत्रे सासरी. माहेरी आठवण उरते ती ‘पोटात पाणी झालं होतं’ एवढीच. ते पाणी बीजांडकोशाच्या कर्करोगाचे असू शकते, तसेच यकृताच्या आजाराचेही. बिघाड वडिलांकडूनही तितकाच येतो, हे पुष्कळांच्या गावी नसते. डॉक्टरांनी विचारले की आजी-मावशीचे सांगितले जाते आणि आत्या राहून जाते. तिचा बायोप्सीचा रिपोर्ट ट्रंकेत सापडला, तर तो तासभराच्या आठवणींपेक्षा मोलाचा.

उपचारांसाठी गोकुळ शिरगावचे कोल्हापूर कॅन्सर सेंटर गडमुडशिंगीहून जवळ आहे. कर्करोग-आनुवंशिकीचा स्वतंत्र विभाग मात्र मुंबईच्या टाटा मेमोरियलचा, म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेसची रात्र आणि मग परळ किंवा खारघर. जनुकाची तपासणी रक्ताच्या नमुन्यावर होते. शक्यतो आधी आजार झालेल्या व्यक्तीची करावी, कारण निरोगी मुलीत काही सापडले नाही तर त्यावरून घराण्याबद्दल फारसे ठरवता येत नाही. एकदा नेमका बिघाड कळला की बाकीच्यांना तेवढाच तपासून घ्यावा लागतो आणि खर्चही कमी येतो. काही वेळा रिपोर्टात ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल येतो; तेवढ्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये.

खरी अडचण पुढे येते. रुग्णालयाची फाइल एकट्या रुग्णाची, माहिती मात्र सगळ्या भाऊबंदांच्या उपयोगाची. ती सांगायची कोणी? डॉक्टर परस्पर नातलगांना कळवत नाहीत, आणि घरच्यांना सोयरिकीची भीती असते: बातमी फुटली तर धाकटीचे स्थळ मोडेल. ही भीती खोटी म्हणून उडवून लावण्यात अर्थ नाही. तरीही लपवण्याची किंमत जिला मोजावी लागते, ती बहुधा आधीच सासरी गेलेली असते. म्हणून समुपदेशकाकडून नातलगांसाठी वेगळे पत्र मागून घ्यावे. त्यात बिघाडाचे नेमके नाव आणि कोणाला कोणती तपासणी लागेल एवढेच असावे, बाकी उपचारांचा तपशील नको. विम्याच्या बाबतीत थोडा दिलासा आहे: आनुवंशिक विकारांच्या कारणावरून दावे नाकारू नयेत, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये कंपन्यांना बजावले.

आधाराचे म्हणाल, तर अमेरिकेत अशा कुटुंबांची ‘फोर्स’ ही संघटना १९९९ मध्ये स्यू फ्रीडमन यांनी काढली. त्या स्वतः अशा आनुवंशिक कर्करोगातून गेलेल्या. मुंबईची इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासूनची आहे. पण तिचे काम सर्वच कर्करुग्णांसाठी आहे. बिघाड असूनही निरोगी असलेल्या माणसाला ‘रुग्ण’ म्हणून कुठेच जागा नसते, आणि प्रश्न तर त्यालाच जास्त: एमआरआय कधीपासून, बीजांडकोश काढायचे तर मुले झाल्यावर केव्हा. बीआरसीए-१ मध्ये ही शस्त्रक्रिया साधारण ३५ ते ४० या वयात सुचवली जाते. लहान मुलांची या जनुकासाठी तपासणी करत नाहीत. सज्ञान झाल्यावर ती त्यांनी स्वतः ठरवायची असते.